सकाळीच उरकलेला राग

ठकूमावशी माणसावर रागवायची ती आधीच. म्हणजे त्या माणसानं अजून काही केलेलंही नसायचं.

सकाळी कंपनीची गाडी खोडदच्या फाट्यावर यायची. आम्ही बाया डबे घेऊन उभ्या असायचो. गाडी थांबली की बाकीच्या जागा धरायला पळायच्या, आणि ठकूमावशी मात्र आधी ड्रायवरच्या खिडकीशी जायची. ड्रायवरचं नाव नामदेव, आम्ही नामाभाऊ म्हणतो.

"नामा, आज संध्याकाळी तू गाडी उशिरा काढनार. च्या प्यायला जानार आन् तिकडंच बसनार. आमी गेटात ताटकळनार. लाज न्हाई तुला. आत्ताच बोलून ठेवते."

"मावशी, अजून सूर्य नीट उगवला न्हाई. मी केलं काय?"

"केलं न्हाईस. करशील. राग सकाळीच उरकून घ्यावा. दिवसभर मग हात मोकळं ऱ्हात्यात."

मग ती आत येऊन बसायची आणि एकेकीचा समाचार घ्यायची. मंगलला म्हणायची, "तू आज डबा खाताना नवऱ्याचं गाऱ्हानं सांगनार आन् माझी भाजी संपवनार." छबूला म्हणायची, "तू पट्ट्यावर माझ्या बाजूला भेंड्या ढकलनार." मी खिडकीशी अंग चोरून बसलेली असायचे. तरी मला सोडत नसे. "आन् ही कुसुम. ही आज गप बसनार. कुनी काय बी बोललं तरी मान खाली घालनार. मग संध्याकाळी हिला सवताचीच लाज वाटनार. आत्ताच सांगते गं तुला."

माझ्यावरचा तिचा राग कधी चुकला नाही. मी रोज गप्प बसायचे.

तिचा हिशेबही सरळ होता. एखाद्या दिवशी नामाभाऊ संध्याकाळी वेळेवर गाडी घेऊन उभा दिसला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला म्हणायची, "काल तुझ्यावर रागावले ते फुकट गेलं. आज तुला सूट." त्या दिवशी नामाभाऊ गाडीत मोठ्यानं गाणी लावायचा.

मंगलच्या नणंदेच्या लग्नात तर तिनं कहर केला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि ही नवरीच्या सासूसमोर जाऊन उभी राहिली. "पावनं, तुमी ह्या पोरीला तरास देनार का न्हाई, मला ठाव न्हाई. पन दिलात तर काय बोलायचं ते आत्ताच बोलते, मला परत तुमच्या गावाला यायला व्हायचं न्हाई." आणि बोलली. सासू हातात विडा धरून तशीच उभी राहिली. मंगलचा नवरा आठ दिवस मंगलशी बोलला नाही. पण ती नणंद सासरी सुखात आहे, आणि तिची सासू अजून विचारते म्हणे, "ती घाटघरची बाई कशी हाय?"

घाटघर तिचं गाव. नाणेघाटाच्या माथ्यावर. नवरा गेल्यावर ती खाली आली आणि खोडदला एका बागायतदाराच्या विहिरीजवळच्या खोलीत राहू लागली. अंगानं वाळकी, उंच, आणि नऊवारी लुगडं सोडायला तयार नाही. कंपनीत सगळ्यांना निळा कोट आणि डोक्याला जाळीची टोपी घालावी लागते. लुगड्यावर तो कोट घालून ती चालायला लागली की वाटायचं, कुणीतरी डॉक्टरीणबाई थेट भातखाचरातून दवाखान्यात आली आहे.

आमची कंपनी म्हणजे हायवेजवळचं भाजीपाल्याचं पॅकिंग. भेंडी, मिरची, कारली. पट्टा फिरत राहतो, आम्ही दोन्ही बाजूंनी उभ्या राहून माल निवडतो. वाकडं, डागी, जून असेल ते बाजूला. सरळ आणि सारखं असेल ते डब्यात बसून विमानानं जातं. आम्ही कधी विमानात बसलो नाही, पण आमच्या हातच्या भेंड्या रोज बसतात.

पूर्वी महिन्यातून एकदा ट्रेनिंग असायचं. दुपारी पट्टा बंद व्हायचा. कँटीनमध्ये पंख्याखाली खुर्चीवर बसायला मिळायचं. पुण्याहून एक गुबगुबीत सर यायचे, फळ्यावर चित्रं काढून सांगायचे, हात कसे धुवायचे, आग लागली तर कुठून पळायचं. अर्ध्या बाया पेंगायच्या. शेवटी तोंडी दोन प्रश्न, मग वडापाव आणि चहा. ठकूमावशी सर आत येतानाच त्यांना गाठायची. "सर, तुमी शेवटाला 'कुनाला काही इचारायचंय का' म्हननार, आन् कुनी हात वर केला की घड्याळ बघनार. आत्ताच बोलून ठेवते." सर लाजून हसायचे. आणि शेवटी घड्याळाचा हात पाठीमागे धरून उभे राहायचे.

मग मंदी आली.

मंदी परदेशात आली, असं आमचे सुपरवायजर दिघे म्हणाले. तिकडची माणसं भेंडी कमी खायला लागली. म्हणून इकडे दोन पाळ्यांची एक पाळी होणार. पुण्याचे सर बंद. वडापाव बंद. आता ट्रेनिंग मोबाईलवर. कंपनीनं एक ॲप काढलं आहे, त्यात तीन मोठे धडे आहेत, स्वच्छतेचा, आगीचा आणि तक्रारीचा. प्रत्येकात बारीक बारीक भाग, आणि प्रत्येक भागाला प्रश्न. महिनाअखेरपर्यंत जिचे तिन्ही धडे पूर्ण, तिचं नाव कामावर ठेवायच्या यादीत. बाकीच्यांचं नंतर बघू.

"आणि हे तुम्हाला घरच्या घरी, कुणाच्याही फोनवर, निवांत वेळी करता येईल," दिघे म्हणाले. जणू आम्हाला साडीच वाटत होते.

निवांत वेळ. मी हा शब्द ऐकला आणि माझी कानशिलं तापली. सकाळी उठून चूल, पाणी, गोठा, डबा, मग गाडी. दिवसभर पट्ट्यापुढे उभं. संध्याकाळी घरी येऊन परत चूल, पाणी, गोठा. ह्यात निवांत वेळ कुठल्या कोपऱ्यात पडला आहे, हे दिघ्यांनी मला दाखवावं, मी तिथं रांगोळी काढीन. शिकायला आमची ना नव्हती. मी चौथीपर्यंत शिकले. पुढं शिकायचं होतं, तर धाकटा भाऊ सांभाळायला घरी ठेवली. पण पूर्वी शिकताना कंपनीचा वेळ जायचा, कंपनीचा पंखा फिरायचा. आता वेळ आमचा, फोन आमचा, रिचार्ज आमचा. मंदी आली कंपनीला आणि काटकसर करायची आम्ही. एवढा राग मला आला होता. आणि मी काय केलं? मान खाली घातली. ठकूमावशीनं सकाळीच सांगितलं होतं.

फोन आमचा म्हणायचा तेवढाच. माझा फोन म्हणजे आमच्या ह्यांचा. संध्याकाळी घरी आले की ते पारावर बसून कुस्त्या बघतात, आणि माझ्या हातात येतो तेव्हा त्यातलं नेट संपलेलं असतं. मी काही बोलत नाही. राग गिळते. माझ्या पोटात असे कितीतरी राग पडून आहेत.

ठकूमावशीकडे बटणाचा फोन होता. ती गाडीतच म्हणाली, "ह्यात अवघड काय हाय? वारंगुळा करू."

वारंगुळा आमच्याकडे शेतात करतात. आज माझ्या रानात तुम्ही सगळ्या या, उद्या तुमच्या रानात मी येते. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, फक्त दिवस फेडायचा. कांद्याची लावणी असू दे, खुरपणी असू दे, एकटीला आठवडा लागतो ते चौघींनी एका दिवसात उरकतं.

"धड्याचा कसला वारंगुळा?" मंगल म्हणाली.

"का? एकीनं एकच धडा शिकायचा. चांगला मन लावून. आन् तो तिघींच्या बी फोनवर लावायचा, तिनंच बटनं दाबायची. बाकीच्यांनी घरचं काम करायचं. कांदा कुनी लावला ते कांदा इचारतो का?"

आम्हाला हे पटलं. ह्यात काही लबाडी आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे काम असंच होतं.

धडे तिनंच वाटले. मंगलला आग. छबूला स्वच्छता. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कुसुमला तक्रारीचा."

मी म्हटलं, "मावशी, मला दुसरा दे."

"दुसरा न्हाई."

स्वतःचं तिनं असं ठरवलं, "मला वाचता येत न्हाई आन् तसला फोन बी न्हाई. तुमच्या समद्यांच्या भाकरी मी थापते. तुमचं झालं का एका फोनवर माझं नाव घाला आन् तिघी मिळून उरका. माझा वारंगुळा शेवटाला फेडा."

आमच्या आळीत रेंज नीट येत नाही. छबूच्या ओट्यावर, तेही चिंचेच्या बाजूला, तेवढी येते. गावाच्या कडेला आभाळाचं ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या उभ्या आहेत. ठकूमावशी म्हणायची, "त्यांना चांदन्यांचं आयकू येतं, आन् आपल्याला छबूच्या चिंचंखाली बी आयकू येईना." तर रोज संध्याकाळी आम्ही छबूच्या ओट्यावर. पाटावर तीन फोन ओळीनं मांडलेले, भाऊबिजेचे दिवे मांडावे तसे. माझा ह्यांच्या कुस्त्या संपल्यावर मिळालेला, छबूच्या नेटवर चालणारा. ज्या दिवशी जिचा धडा, ती समोर बसणार. बाकीच्यांत एक भाजी निवडणार, एक पाणी भरणार, आणि ओट्याच्या टोकाला चुलीपुढं ठकूमावशी, परातीत पिठाचा डोंगर करून.

फोनमधली म्याडम छान साडी नेसलेली, हसरी. "नमस्कार! कशा आहात तुम्ही? चला तर मग, शिकूया!" पण तिन्ही फोन एकदम सुरू होत नसत. पहिला म्हणायचा नमस्कार, मागून दुसरा, आणि तिसरा आरतीत मागं राहिलेल्या म्हाताऱ्यासारखा सगळ्यांच्या शेवटी. आणि चुलीकडून ठकूमावशीचं तीन वेळा उत्तर, "बरी हाय गं. बरी हाय. बरी हाय, तू कशी हायेस?"

मंगल फोनवर चिडायची. "ही सटवी, चार वेळा तेच सांगती. हिला कोन इचारतंय."

"आसू दे," ठकूमावशी म्हणायची. "तिचं बी पोट हाय. दिवसभर हसायचं म्हंजे सोपं हाय का?"

मला नवल वाटायचं. सकाळी जी बाई काही न केलेल्या माणसाला फाडून खाते, ती संध्याकाळी फोनमधल्या बाईची बाजू घेते. मी मनाशी म्हणायचे, थकली असेल. आणि खरंच, संध्याकाळी तिचा आवाज वेगळाच असायचा. गाडीतून उतरताना सगळ्यांना एकेक करून सांगायची, "सावकाश जा गं." नामाभाऊला सुद्धा, "सावकाश ने रं गाडी." मग तो उशिरा आलेला का असेना.

एकदा भाकरी फारच झाल्या. चार घरांना पुरून उरल्या. छबू म्हणाली, "मावशी, केवढं पीठ मळलंस!"

"मळू दे गं. एकटीचं पीठ मळताना हात भरत न्हाई," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी तव्यावर टाकली.

आम्हा तिघींचे धडे पूर्ण झाले. फोनवर फुलं पडली, म्याडम म्हणाली, "शाब्बास!" तीनदा. मग आम्ही मंगलच्या फोनवर ठकूमावशीचं नाव घातलं. फोन म्हणाला, हा फोन दुसऱ्या नावानं नोंदवलेला आहे. छबूच्या फोनवर घातलं. तेच. माझ्या फोनवर घातलं. तेच.

ठकूमावशी हाताचं पीठ झाडत आली, पाटावरच्या तिन्ही फोनांकडे वाकून बघितलं. "काय म्हनत्यात?"

"न्हाई म्हनत्यात," मंगल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन दिघ्यांच्या केबिनमध्ये गेलो. घेऊन गेलो म्हणजे ती पुढे आणि आम्ही मागे.

"साहेब, तुमीच म्हनला व्हता, कुनाच्या बी फोनवर करा."

"म्हणालो असेन, मावशी. पण सिस्टिम घेत नाही. एक माणूस, एक फोन."

"मला वाचता येत न्हाई. तोंडी इचारा."

"तोंडी बंद झालं. त्याला माणूस लागतो. मंदी आहे ना."

"मग?"

"एक साधा स्मार्टफोन घेऊन टाका. हल्ली स्वस्तात मिळतात."

"साहेब, मंदी हाय म्हनून तुमी मास्तर बंद केला. आन् मंदी हाय म्हनून मी फोन घिऊ?"

दिघे हसले. त्यांना ते गमतीचं वाटलं. बाहेर येऊन पुढच्या पाळीला सांगितलंही त्यांनी, ठकूबाई काय म्हणाली बघा. मी तिथंच उभी होते, जाळीची टोपी हातात पिळत. माणसाची भाकरी जाते आणि ह्यांना गंमत वाटते. मला ती टोपी त्यांच्या तोंडावर फेकून मारावीशी वाटली. फेकली नाही. घातली डोक्यावर आणि पट्ट्यावर जाऊन भेंड्या निवडल्या. त्या दिवशी बऱ्याच चांगल्या भेंड्या मी डागीमध्ये टाकल्या. तेवढंच काय ते.

महिना संपत आला तेव्हा पुण्याहून एक म्याडम आल्या. फोनमधल्या नव्हे, खऱ्या. आम्हा तिघींची उत्तरं सगळी बरोबर होती आणि एकाच वेळी दाबलेली होती, असं त्यांच्या यंत्रात दिसलं होतं. म्हणून त्या तोंडी विचारायला आल्या होत्या. म्हणजे आम्हाला पकडायला माणूस होता. ठकूमावशीला विचारायला नव्हता.

कँटीनमध्ये पंख्याखाली आम्हाला उभं केलं. ठकूमावशीला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन रांगेत येऊन उभी राहिली. म्याडमनी पहिलं मंगलला विचारलं, "हात किती वेळ धुवायचे?"

मंगलचा धडा आगीचा. ती ताठ उभी राहून म्हणाली, "आधी मेन स्विच बंद करायचा."

"हात धुण्याआधी?"

"व्हय. आन् आरडाओरडा करायचा न्हाई."

म्याडमनी छबूकडे बघितलं. "आग लागली तर?"

छबू म्हणाली, "नखं कापलेली पायजेत. बांगड्या काढून ठिवायच्या." मग तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. "जळतील म्हनून," ती म्हणाली.

दिघ्यांनी कपाळाला हात लावला. म्याडमना हसू आवरेना. त्या ठकूमावशीकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुमचं नाव यादीत दिसत नाही."

"नाव न्हाई, पन धडे आयकल्यात म्या. तिन्ही."

"बरं, सांगा मग. आग लागली तर काय कराल?"

मी देवाचा धावा करत होते. पण तिनं ते तिन्ही फोनवर मागंपुढं, एकातएक मिसळून ऐकलेलं. तिच्या डोक्यात ते तसंच बसलं होतं. तिनं डोळे मिटले आणि एका दमात सांगितलं, "आग लागल्यास घाबरू नये, साबन लावून बोटांच्या मधी चोळावं, रांगंनं बाहेर पडावं, आन् वरिष्ठांना नम्रपने कळवावं का आपलं हात वले हायेत."

सगळं कँटीन हसलं. म्याडम हसल्या, दिघे हसले, पलीकडच्या पाळीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ठकूमावशीनं डोळे उघडले. तिला कळेना की चुकलं कुठं. ती मंगलकडे बघायला लागली, मग छबूकडे. तिचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. आम्ही हसलो नाही. पण आम्ही काही बोललोही नाही.

म्याडम माझ्याकडे आल्या. "तुम्ही. कामाच्या ठिकाणी काही तक्रार असेल, तर कशी कराल?"

हा माझा धडा. मला तो झोपेत सुद्धा येत होता. मी खाली बघत म्हटलं, "तक्रार मनात ठेवू नये. वरिष्ठांसमोर स्पष्ट आवाजात मांडावी. एका वेळी एकच मुद्दा सांगावा. उत्तर मिळेपर्यंत जागा सोडू नये."

"वा! बरोब्बर. ह्यांचा अभ्यास झालेला दिसतो. चला, तुम्ही बसा."

मी बसले नाही.

"बसा ना."

"तक्रार आहे," मी म्हटलं.

"काय?"

माझा आवाज फुटला नव्हता. मी परत म्हटलं. दिघे म्हणाले, "काय म्हणते ती?" मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि ह्या वेळी तो आवाज एवढा मोठा निघाला की पंख्याच्या वरून गेला. "तक्रार आहे!"

पलीकडच्या बायांनी तोंडावरचे पदर खाली घेतले.

"एकच मुद्दा आहे. ठकूमावशीला फोन नाही म्हणून काढता. तिच्या हातनं आजवर एक डागी भेंडी गेली नाही. फोन नसणं हा हाताचा दोष आहे का? धडा तिनं ऐकला, आमच्या भाकरी थापत ऐकला. निवांत वेळी. तुम्ही दिलेल्या निवांत वेळी. सर यायचे तेव्हा तोंडी विचारायचे, तेव्हा तिला सगळं यायचं. तुम्ही शिकवायचं बंद केलं, आणि शिकली नाही म्हणून तिला काढता. मंदी तुमची आहे. तिची नाही."

हे सगळं मी म्हटलं. म्याडमचं हसू थांबलं होतं. त्या दिघ्यांकडे बघून म्हणाल्या, "हे माझ्या हातात नाही. मी वर कळवते."

"मी इथं उभी आहे," मी म्हटलं. "उत्तर मिळेपर्यंत जागा सोडू नये. धड्यात आहे."

मी उभी राहिले. म्याडम चहा प्यायल्या, गाडीत बसून गेल्या, पट्टा सुरू झाला, तरी मी पंख्याखाली उभी. शेवटी ठकूमावशीच आली आणि माझ्या दंडाला धरून मला पट्ट्यावर घेऊन गेली.

उत्तर आलं शनिवारी. आम्हा तिघींना धडे परत करायला सांगितले, एकेकीनं, आपापले. आणि सोमवारपासून ठकूबाईनं येऊ नये.

त्या शनिवारी सकाळी ती दिघ्यांच्या केबिनमध्ये गेली होती. आम्ही काचेतून बघत होतो. दिघे उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. तिचा हात वर जात होता, खाली येत होता. बाहेर आली तेव्हा तोंड शांत. दुपारी दिघ्यांनी तिला बोलावून निरोप दिला, तेव्हा तिनं नुसती मान हलवली. तिचं सकाळीच बोलून झालं होतं.

संध्याकाळी गाडीत कुणाला कुणाकडे बघवेना. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. मी तिला म्हटलं, "मावशी, बोल की काहीतरी! कंपनीला बोल, दिघ्यांना बोल, त्या म्याडमला बोल. आम्हाला बोल. एवढं झालं आणि तू गप्प?"

"सकाळी बोलले."

"सकाळचं सकाळी. आता बोल ना."

"आता संध्याकाळ हाय, कुसुम."

"मग संध्याकाळ झाली म्हणून काय झालं?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आमचा मानूस. घाटघरला. एक दिस सकाळी कायतरी लागट बोलला. काय बोलला त्ये बी आता ध्यानात न्हाई. मला लई राग आला. म्या म्हनलं, आत्ता न्हाई, संध्याकाळी घेते ह्याला. दिवसभर राग राखून ठिवला, राखंखाली इस्तू ठेवत्यात तसा. त्यो चाऱ्याला निघाला. दारातनं म्हनला, येतो. म्या तोंड बी वर केलं न्हाई. राग राखायचा व्हता ना." तिनं लुगड्याचा पदर नीट केला. "संध्याकाळी गुरं आली. त्यो कड्याखाली घावला."

नामाभाऊनं गाडी हळू केली.

"तवापासनं सकाळीच उरकते. न जानो कुनाचं काय. मानूस संध्याकाळी निघताना त्याच्या पाठीशी राग नगं."

खोडदचा फाटा आला. ती उतरली, डबा काखेत धरला. "सावकाश जा गं," मंगलला म्हणाली. छबूला म्हणाली. नामाभाऊला म्हणाली, "सावकाश ने रं." माझ्यापाशी मात्र थांबली. माझ्या गालाला हात लावला. त्या हाताला अजून कंपनीच्या साबणाचा वास होता.

"तुझ्यावर येवढी वर्सं रागावले," ती म्हणाली, "समदं फुकट घालवलंस बघ." आणि हसली.

रविवारी ती दिराकडं घाटघरला गेली. खोलीला कुलूप. दारात तिनं परात उपडी घालून ठेवली होती, छबूसाठी.

सोमवारी पहाटे आमचे हे चहा पीत होते आणि मी त्यांना सांगितलं. फोनचं सांगितलं, कुस्त्यांचं सांगितलं, पोटात पडून असलेलं सगळं सांगितलं. त्यांचा चहा गार झाला. त्यांनी फोन हळूच माझ्या डब्याशेजारी ठेवला. मग फावडं घेऊन रानात निघाले, दारात थांबून जरा भीत भीतच म्हणाले, "येतो."

मी दारापर्यंत गेले. "या," म्हटलं. "सावकाश या."

फाट्यावर गाडी आली. आम्ही चढलो, बसलो. ठकूमावशीच्या जागेवर कुणी बसलं नाही. पण नामाभाऊ गाडी काढेना. खिडकीवर कोपर टेकून बाहेर बघत बसला.

"काय झालं, भाऊ?" मंगलनं विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला. "अजून कुनी बोललं न्हाई मला."

मंगलनं छबूकडे बघितलं. छबूनं माझ्याकडे. मी डबा मांडीवरून खाली ठेवला, गाडीतून उतरले, आणि ड्रायवरच्या खिडकीशी गेले.